बुटातल्या पायझोवर बीकन का उठत नाही: आधी पावलागणिक चार्जचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाची तीन मुलं बुटाच्या इनसोलमध्ये २७ एमएमच्या चार पायझो डिस्क (वाकवल्या की वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या) बसवून त्यावर ब्लूटूथ बीकन (अधूनमधून एक छोटं रेडिओ पॅकेट पाठवणारा टॅग) चालवायचा प्रोजेक्ट करतायत. चारही डिस्क पॅरलल, पुढे १एन५८१९ डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मग १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्यावर ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथ चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड. टाच दाबली की ऑसिलोस्कोपवर २० व्होल्ट दिसतात, पण दहा मिनिटं चाललं तरी कॅपॅसिटर सव्वा व्होल्टच्या पुढे जात नाही, बोर्ड उठायचा तर प्रश्नच नाही. सर्किट कुठे चुकलं आणि मध्ये बूस्ट कन्व्हर्टर टाकला तर चालेल का, असं विचारलंय. शिवाय ट्रायबोइलेक्ट्रिक (घर्षणातून वीज) वापरावं का आणि हेच मनगटावर करावं का, हेही.

पोरांनो, वायरिंग बरोबर आहे तुमचं. मी सतरा वर्षं पुण्यात लो-पॉवर हार्डवेअर करतोय, त्यातली बरीच अंगावर घालायच्या गोष्टींवर गेली, आणि हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. दरवेळी गोम एकाच जागी सापडते, ती म्हणजे सगळे व्होल्टेज बघतात आणि चार्ज कुणी मोजत नाही. तेव्हा आधी हिशोब करू, सर्किट नंतर.

२७ एमएमच्या पितळी डिस्कची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असते, चार पॅरलल म्हणजे ८० नॅनो. दाबल्यावर २० व्होल्ट वर जातात म्हणजे चार्ज झाला ८० नॅनो गुणिले २०, म्हणजे १.६ मायक्रोकूलोंब. सोडल्यावर तेवढाच उलटा. एका पावलात दोन वेळा, म्हणजे जास्तीत जास्त ३.२ मायक्रोकूलोंब. साध्या चालीत दोन्ही पाय मिळून सेकंदाला दोनेक पावलं पडतात, म्हणजे एका बुटाला सेकंदाला एकच. म्हणजे तुमची पूर्ण कमाई ३.२ मायक्रोअँप, तीसुद्धा कॅपॅसिटर रिकामा असताना. जसजसा तो भरत जातो तसतशी ही कमाई घटते, कारण प्रत्येक वेळी डिस्कला आधी स्वतःचा व्होल्टेज उणे व्ही (व्ही म्हणजे कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज) पासून अधिक व्ही पर्यंत उलटवायला लागतो आणि त्यात चार्ज खर्ची पडतो, तो बाहेर येतच नाही. म्हणून एका पावलाचा चार्ज असा लिहा: २ गुणिले सी गुणिले (२० वजा २व्ही), सी म्हणजे डिस्कची ८० नॅनो. व्ही १० झाला की शून्य. आता यात १००० मायक्रोफॅरड टाका आणि ६०० पावलं चाला, उत्तर येतं पावणेदोन व्होल्ट, तेही एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता. तुमचे सव्वा आले. म्हणजे सर्किट जवळजवळ सांगितलेलंच काम करतंय, तुमची अपेक्षाच हिशोबाबाहेरची होती. ५ व्होल्टपर्यंत न्यायला याच रेटने २१०० च्या वर पावलं लागतील, म्हणजे ३५ मिनिटं, आणि तेही लीकेज, म्हणजे आपोआप झिरपून जाणारा करंट, शून्य धरून.

आणि लीकेज शून्य नाहीये, इथेच तुमचा कॅपॅसिटर अडकलाय. इलेक्ट्रोलिटिकच्या डेटाशीटमध्ये लीकेज साधारण ०.०१ गुणिले सीव्ही असं दिलेलं असतं, १००० मायक्रो आणि २५ व्होल्टला ते २५० मायक्रोअँप होतं. हा कमाल आकडा आहे, कमी व्होल्टेजला आणि चांगल्या पार्टमध्ये बराच कमी येतो, पण तुमची कमाईच ३ मायक्रोअँप असेल तर एक-दोन मायक्रोअँपसुद्धा घर बुडवायला पुरे. दुसरा चोर तो १एन५८१९, हा शॉट्की जातीचा डायोड. शॉट्की लावा, ड्रॉप कमी असतो, हे सगळे सांगतात, पण ते लागू पडतं कॉइलच्या सर्किटला जिथे व्होल्टेजच अर्धा-पाऊण असतो. पायझोचं उलटं आहे, व्होल्टेज भरपूर आणि करंट नाही. १एन५८१९ चं रिव्हर्स लीकेज रेटेड व्होल्टेजला मिलिअँपपर्यंत जाऊ शकतं, आणि तापमान दर दहा डिग्रीने वाढलं की ते ढोबळमानाने दुप्पट होतं, पायाखाली बूट गरम असतोच. साधा १एन४१४८ लावा, २० व्होल्टला २५ नॅनोअँप कमाल, आणि एवढ्याशा करंटला त्याचा ड्रॉप ०.७ नसतो, ०.४ च्या आसपास असतो. मिळाला तर बीएव्ही१९९, तो अजून कितीतरी कमी लीक करतो. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला ४१४८ शेकड्याने मिळतात, तिथून सुरुवात करा.

ईएसपी३२ चा बोर्ड यातून काढाच. त्या बोर्डवर जो एएमएस१११७ रेग्युलेटर असतो तो एकटाच काही न करता पाचेक मिलिअँप खातो. कमाईच्या दीड हजार पट. शिवाय पॉवरचा एलईडी, शिवाय चिप स्वतः रेडिओ चालू करताना शंभर मिलिअँपच्या घरात जाते. बूस्ट कन्व्हर्टरने यात काही होणार नाही, बूस्ट व्होल्टेज वाढवतो, ऊर्जा वाढवत नाही.

ऊर्जेचा हिशोब पण आत्ताच करून टाकू. ब्रिजमधून एका पावलाला मिळते ती ऊर्जा म्हणजे वरचा चार्ज गुणिले व्ही, आणि ती सगळ्यात जास्त असते व्ही जेव्हा ओपन सर्किट पीक-टू-पीकच्या (काही न जोडता डिस्कवर खालपासून वरपर्यंत दिसणाऱ्या व्होल्टेजच्या) एक चतुर्थांश असतो तेव्हा, म्हणजे तुमच्याकडे ५ व्होल्टला. आकडा येतो ८ मायक्रोज्यूल. हातात धरा ४ ते ५. हा तुमचा पगार. आता खर्च बघा, एनआरएफ५२ सारखी कमी वीज खाणारी ब्लूटूथ चिप, नीट लिहिलेलं फर्मवेअर, तर एक अ‍ॅडव्हर्टायझिंग पॅकेट तीनही चॅनलवर पाठवायला ५० मायक्रोज्यूलच्या आसपास जातात, पण थंड अवस्थेतून चालू होऊन पॅकेट पाठवून परत बंद होईपर्यंत २०० ते ३०० धरा. तुम्ही म्हणाल दरवेळी थंडातून चालू कशाला करायचं, स्लीपमध्ये ठेवू. स्लीपमध्ये आरटीसी (वेळ मोजणारं आतलं घड्याळ) चालू ठेवून चिप २ मायक्रोअँपच्या आसपास घेते, ३ व्होल्टला ६ मायक्रोवॉट, आणि तुमची सगळी कमाई, सेकंदाला एक पाऊल धरून, ५ मायक्रोवॉट. म्हणजे नुसतं झोपून राहायलाही पैसे पुरत नाहीत. म्हणून पूर्ण बंद, कॅपॅसिटर भरला की उठायचं, एक पॅकेट पाठवायचं, मरायचं. साठेक पावलांना एक बीकन. हे ऐकायला थोडं वाटतं पण खरं आहे आणि चालतं, आणि व्हायवाला हा आकडा छातीठोकपणे सांगता येतो.

व्हायवावरून आठवलं, कुणीतरी तुम्हाला ६७ वॉटबद्दल विचारेलच. थॅड स्टार्नर या संशोधकाने १९९६ मध्ये एक अंदाज मांडला होता, ६८ किलोचा माणूस, टाच ५ सेंटीमीटर खाली येते, सेकंदाला दोन पावलं, गुणाकार केला की ६७ वॉट. गणित बरोबर आहे, पण ती सगळी ऊर्जा काढून घ्यायची म्हणजे प्रत्येक पावलाला ५ सेंटीमीटर खचणारा बूट, वाळूत चालल्यासारखं, माणूस अर्ध्या तासात दमेल. न दमवता जे मिळतं ते एमआयटी मीडिया लॅबच्या शेंक आणि पॅराडिसोने २००१ मध्ये दाखवलं, टाचेखाली वाकवलेला पीझेडटीचा (पायझो सिरॅमिकचा) जोड, सरासरी ८.४ मिलिवॉट, आणि पुढच्या भागात पीव्हीडीएफची (पायझो प्लास्टिकची) पट्टी, १.३ मिलिवॉट. त्यावर त्यांचा रेडिओ टॅग दर ३ ते ६ पावलांना एक १२ बिटचा कोड पाठवायचा. तुमच्या ५ मायक्रोवॉटपेक्षा हे हजारपटींनी जास्त आहे, आणि त्यातला मोठा वाटा सर्किटचा नाही, मेकॅनिकलचा आहे. वॉटमध्ये हवं असेल तर अंगावर मोठं यंत्रच बांधावं लागतं, डोनेलनच्या टीमचा गुडघ्याचा जनरेटर (२००८) दोन्ही पाय मिळून ५ वॉटच्या आसपास द्यायचा पण एकेका पायाला १.६ किलो होता, आणि लॅरी रोमची २००५ ची हलणारी पाठपिशवी ७.४ वॉटपर्यंत गेली ती पाठीवर ३८ किलोपर्यंत ओझं घेऊन.

म्हणून आधी इनसोलकडे वळा. डिस्क सपाट ठेवून वरून नुसती दाबलीत तर काही मिळत नाही, ती वाकली पाहिजे. कडेला एक रिंग, मधे हवा, वरून मध्यभागी एक छोटं बटण, आणि खाली एक थांबा, म्हणजे ठरावीक खचली की पुढे जाणार नाही. सिरॅमिक काचेसारखं असतं, थांबा नसेल तर पहिल्याच जिन्यावर तडा जातो, आणि तडा गेलेली डिस्क मीटरवर बरी वाटते पण अर्धा चार्ज गेलेला असतो, म्हणून कपॅसिटन्स रोज मोजत जा, २० ची १२ नॅनो झाली की समजा गेली. सोल्डर करताना चांदीच्या थरावर दोन सेकंदांच्या वर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, थर उचलला जातो आणि खालचं पोलरायझेशनही खराब होतं. वायर बारीक आणि लवचिक घ्या, जॉइंटच्या पुढे सिलिकॉनचा एक ठिपका द्या, नाहीतर शंभर पावलांत जॉइंट तुटतो, आणि तुटतो तोही असा की टाच खाली असताना जोडलेला आणि वर असताना सुटलेला, त्यामुळे सापडता सापडत नाही. ओपन सर्किट व्होल्टेज २० चा ४० केलात तर ऊर्जा चौपट होते, असं फुकटात चौपट देणारं दुसरं काही तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही.

दुसरी गोष्ट, चारही डिस्क एकाच ब्रिजला पॅरलल जोडू नका. चालताना टाच आधी टेकते, चवडा नंतर. टाचेखालच्या दोन दाबल्या की त्यांचा चार्ज चवड्याखालच्या दोन बेकार बसलेल्यांनाही भरावा लागतो, व्होल्टेज निम्मं होतं आणि ऊर्जाही निम्मी. आणि एखादी डिस्क उलटी चिकटली असेल तर ती दुसरीचा चार्ज खाऊनच टाकते. प्रत्येक डिस्कला स्वतःचा ब्रिज द्या, डीसी बाजूला मग सगळे खुशाल एकत्र करा. १६ डायोड लागतील, लागू द्या.

आता कंट्रोलर. एलटीसी३५८८-१ हा पॉवर सांभाळणारा चिप अशाच कामासाठी बनलेला आहे, आत ब्रिज आहे (तुमचे बाहेरचे ब्रिज असतील तर त्यांची डीसी थेट व्हीइन या इनपुट पिनला द्या), २० व्होल्टच्या वर गेलं तर आतला शंट धरून ठेवतो आणि जोपर्यंत पुरेसं साठत नाही तोपर्यंत तो साधारण ४५० नॅनोअँपवर गप्प बसून राहतो. आउटपुट १.८ वर सेट केलात तर ४.०४ व्होल्टला उघडतो, २.८७ ला बंद होतो. ही खिडकी तुमच्या ५ व्होल्टच्या जवळ आहे, म्हणजे काही न करता जवळजवळ योग्य बिंदूवर काम होतंय. आउटपुट ३.३ ठेवलात तर ५.०५ आणि ३.६७. मेकॅनिकल सुधारून पीक-टू-पीक ६० च्या घरात गेलात तर त्याचाच भाऊ ३५८८-२ घ्या, तो १६ ला उघडतो, १४ ला बंद होतो. इथे बरेच जण सोलरवाली बीक्यू२५५७० लावतात, चिप उत्तम आहे पण तिची इनपुट ५.१ व्होल्टपर्यंतचीच आणि ती दर १६ सेकंदांनी ओपन सर्किट व्होल्टेजचं सॅम्पल घेऊन बिंदू ठरवते, पायझोच्या एका पावलात तेवढ्यात काहीही झालेलं असतं, तेव्हा इथे नको.

कॅपॅसिटर किती? उलटीकडून या. एका बीकनला ३०० मायक्रोज्यूल, ४.०४ ते २.८७ या खिडकीत ½सी(१६.३ वजा ८.२), म्हणजे ७५ मायक्रोफॅरड, कन्व्हर्टरचा तोटा धरून १००. एक हजार नको, सुपरकॅप तर अजिबात नको, तो पहिले कित्येक तास स्वतःच काही मायक्रोअँप गिळत बसतो. सिरॅमिक घ्या, पण एक सापळा आहे, एक्स५आर जातीच्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढला की कपॅसिटन्स पडते, छोट्या साइजमध्ये रेटेड व्होल्टेजला निम्म्याहून खाली जाते. म्हणून १०० ची गरज असेल तर २५ व्होल्टचे ४७ चे चार लावा आणि मग खरंच किती आहे ते भरायला लागलेल्या पावलांवरून काढा.

बोर्ड उठताना अजून एक गंमत होते ती सांगून ठेवतो कारण त्यात तुमचा आठवडा जाऊ शकतो. चिप उठते, सेन्सर सुरू करते, व्होल्टेज कोसळतो, रीसेट, परत थोडं भरतं, परत उठते, परत कोसळते, आणि हे चक्र अनंत चालतं, स्कोपवर करवतीसारखं दिसतं आणि पॅकेट एकही जात नाही. औषध दोन, खिडकी रुंद करा म्हणजे उघडणं आणि बंद होणं यात अंतर ठेवा, आणि फर्मवेअरमध्ये उठल्याबरोबर आधी रेडिओ, बाकी सगळं नंतर. ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल स्थिर व्हायला अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ घेतो, एका पॅकेटसाठी त्याची गरज नाही, आतला आरसी ऑसिलेटर वापरा.

ब्रिजच्या पुढे जायचं असेल तर आहे वाट. डिस्क पूर्ण दाबली गेली त्याच क्षणी इंडक्टरमधून सगळा चार्ज एकदम काढून घ्यायचा, याला एसईसीई म्हणतात, फ्रान्समधल्या लियोंच्या ग्रुपने हे आणि याचा भाऊ एसएसएचआय २००५ च्या आसपास मांडलं, एमआयटीत रामदास आणि चंद्रकासन यांनी २०१० मध्ये बायस-फ्लिपची चिप करून दाखवली. तुमच्या आकड्यांत प्रत्येक टोकाला ½सीव्ही² म्हणजे १६ मायक्रोज्यूल, दोन टोकांचे ३२, ब्रिजच्या ८ च्या चौपट. चौपट कागदावर, हातात दुप्पट आली तरी मी खूश असतो. इंडक्टर १० मिलिहेन्री घेतलात तर ८० नॅनोबरोबर पाव आवर्तन ४५ मायक्रोसेकंदांचं, करंट ५७ मिलिअँपपर्यंत चढतो, त्यामुळे कोअर सॅच्युरेट न होणारा आणि रेझिस्टन्स ३० ओहमच्या आत असा बघून घ्या. टोक ओळखायला कम्पॅरेटर चिप लावू नका, एक छोटा कॅपॅसिटर, एक डायोड आणि दोन ट्रान्झिस्टरचा स्वतःच्याच ऊर्जेवर चालणारा पीक डिटेक्टर पुरतो. पण हे सगळं ब्रिजवर बीकन एकदा नीट चालल्यानंतर, आधी नाही.

मोजमापाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझे स्वतःचे तीन आठवडे यात गेलेत. तुमचा मल्टिमीटर १० मेगओहमचा आहे, ५ व्होल्टवर तो अर्धा मायक्रोअँप खातो, आणि त्या व्होल्टेजला तुमची कमाई १.६ आहे. म्हणजे मीटर लावून चालत बसलात तर तिसरा हिस्सा मीटरच घेऊन जातो. मीटर फक्त शेवटी, दोन सेकंद टेकवा आणि काढा. स्कोपचा प्रोब १x वर ठेवलात तर तो १ मेगओहम, एकट्या २० नॅनोच्या डिस्कबरोबर टाइम कॉन्स्टंट २० मिलिसेकंद, हळू दाबली तर व्होल्टेज वर चढायच्या आधीच वाहून जातो आणि तुम्हाला वाटतं डिस्क खराब आहे. नेहमी १०x.

आणि सगळ्यात फसवं हे. आमच्याकडे एका इनसोलचं सर्किट बेंचवर छान चार्ज व्हायचं, बाहेर मैदानात नेलं की निम्मं. मेकॅनिकल बदललं, डायोड बदलले, काहीच फरक नाही. एका संध्याकाळी बूट टेबलावर नुसता पडलेला होता, कुणी हात लावत नव्हतं, आणि स्कोपवर कॅपॅसिटर चढताना दिसला. हळू, पण चढत होता. टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड बंद केला, थांबला. झालं असं होतं की स्कोपच्या क्लिपने आमची डीसीची मायनस बाजू अर्थ झाली होती, आणि २३० व्होल्टच्या वायरींमधून दहा-वीस पिकोफॅरडमधून जो ५० हर्ट्झचा करंट इनसोलच्या लांब वायरींत येत होता तो ब्रिजमधून सरळ रेक्टिफाय होऊन कॅपॅसिटर भरत होता. एक मायक्रोअँपच्या आतला करंट, पण आमची कमाईही त्याच घरातली. माणसाच्या अंगातूनही तसाच येतो, म्हणून कुणी बूट घालून उभं राहिलं की जास्तच. तेव्हापासून नियम केला, प्रत्येक मोजमापाआधी बूट घालून पाच मिनिटं न हलता उभं राहायचं आणि कॅपॅसिटर किती चढतो ते वजा करायचं, आणि खरा आकडा लिहायचा तो भिंतीपासून लांब, सर्किटला एकही वायर जोडलेली नसताना, फक्त पावलं मोजून.

पावसाळ्याचंही बघा. घाम आणि मिठाने पीसीबीवर दोन पॅडच्या मधे काही मेगओहमचा रस्ता तयार होतो, फ्लक्स पुसलेला नसेल तर आधीच असतो. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) बोर्ड घासून धुवा, वाळवा, वर कोटिंग द्या. ट्रायबोइलेक्ट्रिकबद्दल विचारलं होतं, २०१२ पासून जॉर्जिया टेकच्या झाँग लिन वांग यांच्या ग्रुपने त्यावर प्रचंड काम केलंय, पण तिथे कपॅसिटन्स अजून कितीतरी कमी आणि व्होल्टेज शेकड्यांत, म्हणजे वर सांगितलेलं प्रत्येक लीकेज अजून जास्त टोचतं, आणि दमट बुटात तर फारच. सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी नको.

मनगटावर करावं का असंही होतं. चालताना दोन्ही पायांची मिळून जेवढी पावलं पडतात त्याच्या निम्मे झोके हाताचे, म्हणजे सेकंदाला एक पूर्ण झोका. ५ ग्रॅमचं वजन, ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण, १ सेंटीमीटर जागा, तर वजन एका बाजूला सरकलं की पाव मिलिज्यूल आणि एका झोक्यात ते जाऊन-येऊन दोनदा सरकतं, म्हणजे अर्धा मिलिवॉट, हा आदर्श आकडा, याच्या दहावा हिस्सा मिळाला तरी चांगलं म्हणायचं. सेकोचं कायनेटिक घड्याळ, जे पहिल्यांदा १९८६ ला बासेलच्या प्रदर्शनात दाखवलं होतं, ते चालतं कारण क्वार्ट्झ घड्याळ मायक्रोवॉटच्या आसपासच खातं, आणि त्यांनी वजनाच्या हळू फिरण्याला गिअरने मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत नेलं. ते गिअरचं काम तुमच्या वर्कशॉपमध्ये होणार नाही. शिवाय कॉइल-मॅग्नेट करायचं तर पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात तो मॅग्नेट द्यायचा नाही, हे बॉक्सवर लिहावं लागेल.

तर या आठवड्यात चिप मागवू नका. एक डिस्क, रिंग-बटण-थांबा असं बनवा, चार ४१४८, एक १ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर, दहा पावलं, मीटर टेकवा, वाचा. १ मायक्रोवर जेवढे व्होल्ट तेवढे मायक्रोकूलोंब, सरळ हिशोब. हे वीस वेळा करा, वेगवेगळ्या वजनाच्या तिघांनी, जिन्यावर आणि सपाटीवर. पावलागणिक चार्जचा आकडा वहीत आला की कॅपॅसिटर, चिप आणि किती पावलांना एक बीकन हे तिन्ही त्याच पानावर निघतील.